डायइथाइल ईथर : हाताळणी, साठवण आणि लेबल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डायइथाइल ईथर रोज हाताळणाऱ्यांसाठी आहे : विद्यार्थी, प्रयोगशाळा सहायक आणि भांडाराची नोंदवही सांभाळणारे. ईथरचे धोके दोन. पहिला, आगीचा, झाकण उघडताच सुरू होतो आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा, पेरॉक्साइड नावाच्या स्फोटक पदार्थाचा, बंद बाटलीत, कपाटात, कोणी बघत नसताना वाढतो आणि त्याचा माग लागतो तो लेबलावरच्या तारखेवरूनच. म्हणून खाली तारखांबद्दल जरा जास्तच लिहिले आहे. कंटाळा आला तरी तेवढा भाग सोडू नका.

ॲसिटोन आम्ही पाण्यासारखे वापरतो. ईथरचाच एवढा बाऊ का?

आकडे शेजारी शेजारी ठेवले की बाऊ वाटत नाही. ॲसिटोन सुमारे ५६ अंश सेल्सिअसला उकळते, ईथर ३४.६ अंशांना, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी टेबलावरच. ईथरचा फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश आहे. त्या तापमानालाही त्याच्यावर ठिणगीने पेटेल इतकी वाफ असते. हवेत १.९ टक्के वाफ मिसळली की मिश्रण पेटू शकते आणि ते साधारण ३६ टक्क्यांपर्यंत पेटते राहते. ॲसिटोनसाठी हा पट्टा साधारण अडीच ते तेरा टक्के इतकाच आहे.

पण खरी मेख वेगळ्याच आकड्यात आहे. ज्योत किंवा ठिणगी नसताना, नुसत्या गरम पृष्ठभागामुळे वाफ आपोआप पेटण्याचे तापमान ॲसिटोनसाठी ४६५ अंशांच्या आसपास आहे. ईथरसाठी ते १६० ते १८० अंशांत येते. वापरून बंद केलेली आणि अजून गरम असलेली हॉट प्लेट तेवढी तापलेली असू शकते. तेलाचा बाथ असतो. हीट गनबद्दल तर बोलायलाच नको. ‘इथे कुठे ज्योत आहे?’ हा प्रश्न ईथरच्या बाबतीत अपुरा आहे. ‘इथे काय तापलेले आहे?’ हेही विचारावे लागते.

वाफ दिसत नाही. मग ती किती पसरली हे कसे कळणार?

कळत नाही, म्हणून हिशेबाने चालायचे. समजा १०० मिलिलिटर ईथर सांडले. त्याचे वजन सुमारे ७१ ग्रॅम, म्हणजे एका मोलपेक्षा थोडे कमी. पूर्ण उडाल्यावर त्याची २३ लिटरच्या आसपास वाफ होते. ती हवेत १.९ टक्क्यांपर्यंत विरळ झाली तरी सुमारे १,२०० लिटर पेटणारे मिश्रण तयार होते. एका लहान बीकरमधून सव्वा घनमीटर.

ही वाफ हवेच्या अडीचपटीहून जड असते. ती वर जात नाही, टेबलावरून सरपटत कडेला येते, खाली उतरते, जमिनीलगत पुढे जाते आणि सिंकमध्ये किंवा पायाशी ठेवलेल्या उपकरणाखाली साठते. चार-पाच मीटरवर कोणी बर्नर लावला तर ज्योत वाफेच्या वाटेने उलटी धावत बाटलीपर्यंत येऊ शकते. त्यामुळे ‘माझ्या टेबलावर ज्योत नाही’ याला काही अर्थ नाही. ईथर उघडण्याआधी खोलीतल्या सगळ्यांना सांगायचे, मोठ्याने.

वास येतोय म्हणजे धोका आहे का?

वास अगदी थोड्या प्रमाणालाही येतो, धोक्याच्या पातळीच्या कितीतरी आधी. पण नाक सरावते आणि थोड्या वेळाने वास ‘गेला’ असे वाटते. वास येत नाही म्हणून वाफ नाही, असे समजू नका.

आठ तासांच्या कामासाठी सर्वसाधारण मर्यादा ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग) मानतात आणि पंधरा मिनिटांच्या संपर्कासाठी ५०० पीपीएम. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी १,९०० पीपीएम आहे. १.९ टक्के म्हणजे १९,००० पीपीएम, त्याचा हा बरोबर दहावा हिस्सा. ही पातळी विषबाधेपेक्षा स्फोटाच्या भीतीने ठरवलेली आहे.

गुंगी मात्र खरीच येते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर हुंगवून रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी भूल दिली, ती याच द्रवाने. डोके जड झाले, जीभ अडखळू लागली की काम थांबवून बाहेर मोकळ्या हवेत जा. आणि एकट्याने जाऊ नका.

हातमोजे कोणते घालायचे?

पातळ नायट्राइलचे मोजे फक्त शिंतोड्यांपुरते. ईथर त्यांतून काही मिनिटांत आरपार जाते, म्हणून मोजा भिजला की लगेच काढून टाकायचा आणि नवा घालायचा. लॅटेक्स तर नकोच. जास्त वेळ हात भिजणार असतील तर अनेक पदरी प्लास्टिक फिल्मचे मोजे मिळतात, ते आत घालून वर नायट्राइल चढवा. उघड्या त्वचेवर पडले तर जळजळ फारशी होत नाही, पण त्वचेतले तेल निघून ती कोरडी पडते आणि वारंवार झाले की भेगा पडतात.

कोट सुती हवा. नायलॉन-पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते, शिवाय आग लागली तर ते वितळून अंगाला चिकटते. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा. याबाबतीत चर्चा नाही.

ईथर गरम करायचेच असेल तर?

फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), कोमट पाण्याच्या बाथवर. जुन्या लोकांची पद्धत अजूनही उत्तम आहे : पाणी दुसरीकडे तापवायचे आणि ते आणून बाथमध्ये ओतायचे, म्हणजे ईथरजवळ तापणारे उपकरणच राहत नाही. ४५ ते ५० अंशांचे पाणी पुष्कळ झाले. उकळी दगड आधीच टाका. तापलेल्या ईथरमध्ये मागाहून दगड टाकला तर सगळे एकदम उसळून बाहेर येते. कंडेन्सरचे पाणी सुरू आहे का ते डोळ्यांनी बघा. नळ उघडा असला म्हणजे नळीतून पाणी वाहतेच असे नाही.

सॉक्सलेट (तेच द्रावक पुन्हा पुन्हा उकळून निष्कर्षण करणारे उपकरण) लावून रात्रभर सोडून जायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. पाण्याचा दाब मध्यरात्री कमी झाला की कंडेन्सर नावालाच उरतो. माझ्या मते ईथरचे सॉक्सलेट माणूस हजर असतानाच चालवावे, मग दोन दिवस लागले तरी चालतील.

सेपरेटिंग फनेल हलवताना बुच का उडते?

हाताच्या उबेनेच ईथरची वाफ वाढते. २० अंशांनाच तिचा दाब वातावरणीय दाबाच्या निम्म्याहून जास्त असतो. त्यात आधीच्या पायरीत बायकार्बोनेट वापरले असेल तर कार्बन डायऑक्साइडची भर पडते. द्रावण आधी खोलीच्या तापमानाला आणा. ईथर घातल्यावर बुच लावून एकदाच हलकेच उलटे करा आणि लगेच तोटी उघडून दाब सोडा. नळीचे तोंड हूडच्या मागच्या भिंतीकडे हवे, शेजाऱ्याकडे नव्हे. ‘फुस्स’ आवाज पूर्ण थांबेपर्यंत जोरात हलवायचे नाही.

ईथर रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवले तर चालेल ना?

चालेल. बाथ ३५ ते ४० अंश, कंडेन्सर थंडगार, ईथर गोळा होते तो फ्लास्क बर्फात. निर्वात लावायची घाई करू नका. जास्त निर्वातात ईथर कंडेन्सरला दाद न देता थेट पंपात जाते आणि पंपातून खोलीत. पण सगळ्यात आधी पेरॉक्साइडची चाचणी झालेली हवी. का, ते पुढे येईल.

फ्लास्क वाळवायला ओव्हनमध्ये ठेवला तर काय होते?

ईथरने ओला फ्लास्क, ओला थिंबल (सॉक्सलेटमध्ये नमुना ठेवायची कागदी नळी), ईथरने धुतलेले गाळणकागद यांपैकी काहीही ओव्हनमध्ये जाता कामा नये. ओव्हन म्हणजे तापत्या तारांची बंद पेटी, आणि थर्मोस्टॅट दर थोड्या वेळाने ठिणगी देतो. स्निग्धांश काढणाऱ्या प्रयोगांत हे फार घडते : ईथर ‘जवळजवळ उडालेय’ म्हणून फ्लास्क १०० अंशांच्या ओव्हनमध्ये जातो आणि दार उडते. हूडमध्ये उघडे ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत वाट बघा, मगच ओव्हन.

ईथर लवकर उडते, मग साध्या फ्रिजमध्ये ठेवावे का?

नाही. घरगुती फ्रिजच्या आत दिव्याचा स्विच आणि थर्मोस्टॅट असतो आणि दोन्ही ठिणगी देतात. आतले तापमान चार अंश असो की फ्रीझरचे उणे वीस, ईथरचा फ्लॅश पॉइंट त्याहूनही खूप खाली आहे. बुच जरा सैल असले तरी रात्रभरात बंद पेटीत पेटणारे मिश्रण जमते आणि कॉम्प्रेसर सुरू होताना, किंवा सकाळी दार उघडून दिवा लागताना, ठिणगी मिळते. ज्वलनशील पदार्थांसाठी बनवलेला, आत ठिणगी न देणारा फ्रिज असेल तर गोष्ट वेगळी.

थंडाव्याने पेरॉक्साइड बनणे थांबते हाही गैरसमज आहे. ते थांबत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याचा खरा तोटा असा की बाटली नजरेआड जाते आणि तिची तारीख विसरली जाते.

मग नेमके कुठे ठेवायचे?

ज्वलनशील द्रवांच्या धातूच्या कपाटात, खाली गळती धरणारा ट्रे ठेवून, डोळ्यांच्या उंचीच्या खाली. ऊन लागता कामा नये. तपकिरी बाटली प्रकाश अडवते, उष्णता नाही. नायट्रिक आम्ल, क्रोमिक आम्ल, परक्लोरिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इतर ऑक्सिडीकारक पदार्थ दुसऱ्या कपाटात. बाटली काठोकाठ भरू नका. द्रव तापून प्रसरण पावला तर जागा हवी. टेबलावर त्या दिवसाच्या कामापुरतेच ईथर आणि संध्याकाळी तेही परत कपाटात.

एक सल्ला खरेदी करणाऱ्यांना : मोठा डबा स्वस्त पडतो हे खरे, पण अर्धा डबा वर्षभर हवा खात पडून राहिला तर त्याची विल्हेवाट लावण्यात बचत केव्हाच संपते. पाचशे मिलिलिटरच्या बाटल्या घ्या. धातूच्या डब्यातून दुसऱ्या धातूच्या भांड्यात ओतायचेच असेल तर दोन्ही तारेने जोडून जमिनीला अर्थिंग द्या. वाहत्या ईथरवर स्थिर वीज साठते.

पेरॉक्साइडची एवढी भीती का? ते काय असते?

ईथरच्या रेणूत ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनवर जे हायड्रोजन असतात, त्यांचा बंध तुलनेने कमजोर असतो. प्रकाशामुळे किंवा एखाद्या मुक्त मूलकामुळे (एकट्या इलेक्ट्रॉनच्या, चटकन अभिक्रिया करणाऱ्या कणामुळे) तिथला हायड्रोजन निघतो, त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होते. त्यातून आणखी एक मूलक सुटतो आणि साखळी पुढे चालते. पुढे हीच रसायने एकमेकांत जोडली जाऊन चिकट, तेलकट पेरॉक्साइड होतात, आणि ते धक्क्याने, घासण्याने किंवा तापवल्याने फुटतात.

बाटलीत ते विरघळलेले असेपर्यंत सहसा काही होत नाही. घात होतो आटवताना. ईथर ३४.६ अंशांना उडून जाते, पेरॉक्साइड मागे राहते. पाचशे मिलिलिटर ईथर आटवून पाच मिलिलिटर उरवले तर पेरॉक्साइड शंभरपट दाट झाले. कोरडे होईपर्यंत आटवले तर फ्लास्कच्या तळाशी फक्त स्फोटकच उरते, आणि नेमके तेव्हाच तापमानही चढू लागते. म्हणून ऊर्ध्वपातन करताना तळाशी किमान पाचवा हिस्सा द्रव राहू द्यायचा, हा नियम. अपवाद नाही.

दुसरी जागा म्हणजे झाकणाचे आटे. तिथे ईथर थोडे थोडे सुकत राहते आणि पेरॉक्साइडचा थर बसतो. झाकण फिरवणे हेच मग घर्षण ठरते.

बाटलीवर ‘बीएचटीने स्थिर केलेले’ असे लिहिले आहे. मग तर काळजी नको?

बीएचटी हे पेरॉक्साइड बनू नये म्हणून ईथरमध्ये मिसळलेले स्थिरक. ते मूलकांना पकडून साखळी तोडते आणि स्वतः खर्ची पडते. ते संपले की बाटली साध्या ईथरसारखीच. शिवाय बीएचटी उडत नाही. तुम्ही ईथर ऊर्ध्वपातित केले की ते मागच्या फ्लास्कमध्येच राहते आणि तुमच्या हातात आलेल्या ताज्या, शुद्ध ईथरला कसलेच संरक्षण उरत नाही. गंमत अशी की लोक नेमक्या त्याच ईथरवर जास्त विश्वास ठेवतात. असे ईथर त्याच दिवशी वापरून संपवा, किंवा नायट्रोजनखाली ठेवा आणि प्रत्येक वापराआधी तपासा.

किती दिवस ठेवले तर चालते?

स्थिर केलेली, न उघडलेली बाटली : आल्यापासून बारा महिने, किंवा उत्पादकाने दिलेली मुदत, यांत जी आधी संपेल ती. उघडलेली बाटली : सहा महिने. बऱ्याच प्रयोगशाळा तीनच धरतात आणि मला तेच पटते, कारण तीन महिन्यांनी बाटली निदान कुणाच्या तरी आठवणीत असते.

चाचणी कशी करायची?

सोपी वाट म्हणजे चाचणी पट्ट्या. सेंद्रिय द्रावकांसाठी चालतील अशाच घ्या. पट्टीचे टोक क्षणभर ईथरमध्ये बुडवा, ईथर उडू द्या, मग पाकिटावर सांगितल्याप्रमाणे टोक किंचित ओलावा. ही पायरी लोक विसरतात. पाण्याचा अंश नसेल तर रंग येत नाही आणि बाटली ‘पास’ होते. दिलेल्या वेळी रंग पाकिटावरच्या पट्ट्याशी जुळवा. उघडलेल्या पट्ट्याही जुन्या होतात, तेव्हा अतिशय विरळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक बुडवून ती निळी होते ना, ते आधी बघा.

पट्ट्या नसतील तर आयोडाइडची पद्धत : एक मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्लात सुमारे ०.१ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घाला, त्यात एक मिलिलिटर ईथर मिसळा. शेजारी ईथर न घातलेली नळी तुलनेला ठेवा. फिकट पिवळे म्हणजे थोडे पेरॉक्साइड आहे, गडद पिवळे किंवा तपकिरी म्हणजे बरेच आहे.

बहुतेक ठिकाणी १०० पीपीएमच्या वर ईथर वापरायचे नाही असा नियम असतो. आटवायचे किंवा ऊर्ध्वपातित करायचे असेल तर २५ च्या आत हवे, आणि खरे सांगायचे तर रंग दिसला की आटवूच नये.

पेरॉक्साइड निघाले. आता?

तारीख माहीत असलेली, स्वच्छ दिसणारी बाटली आणि प्रमाण थोडे असेल तर ते काढता येते. सल्फ्युरिक आम्ल घातलेले फेरस सल्फेटचे ताजे द्रावण घेऊन ईथर त्याच्यासोबत सेपरेटिंग फनेलमध्ये हलवा, वेगळे करा, पुन्हा तपासा. किंवा सक्रिय ॲल्युमिनाच्या स्तंभातून सोडा. मात्र ॲल्युमिना पेरॉक्साइड नष्ट करतेच असे नाही, ते धरून ठेवते. वापरलेला स्तंभ कोरडा होऊ द्यायचा नाही, तोही धोकादायक कचराच. यानंतर ईथर लगेच वापरा, कारण आता त्यात स्थिरक उरले असेल याची खात्री नाही.

खरे तर बहुतेकदा हा खटाटोप करण्यात अर्थ नसतो. विल्हेवाटीला पाठवा आणि नवी बाटली उघडा.

कपाटाच्या मागच्या रांगेत एक जुनी बाटली सापडली. तारीख नाही. उघडून तपासू का?

उघडू नका. हलवू नका. उचलूही नका. झाकण फिरवणे ही चाचणी नव्हे. काचेतून बघता येत असेल तर टॉर्चच्या उजेडात लांबूनच बघा : तळाशी तेलकट थर, धागे, झाकणापाशी पांढरी पूड किंवा स्फटिक, आत उरलेला अगदी थोडासा द्रव. यांपैकी काहीही दिसले तर खोली रिकामी करा, दाराला फलक लावा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. काही दिसले नाही तरी तारीख नसलेली बाटली ‘वाईट’ समजूनच वागायचे. डब्यात तर आतले काही दिसतच नाही. अशी बाटली निकामी करणे हे प्रशिक्षित पथकाचे काम आहे.

कंपनीच्या लेबलावर सगळे लिहिलेलेच असते. वेगळे लेबल कशाला?

कंपनीचे लेबल नीट वाचून बघा. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केलेल्या जीएचएस या रसायनांच्या वर्गीकरणाच्या आणि लेबलांच्या जागतिक पद्धतीप्रमाणे त्यावर सहा गोष्टी असतात : पदार्थाची ओळख, चित्रचिन्हे, सावधानतेचा शब्द, धोक्याची विधाने, काळजीची विधाने आणि पुरवठादाराचे नाव-पत्ता. ईथरवर शब्द असतो ‘डेंजर’. चित्रे दोन, ज्वाला आणि उद्गारचिन्ह. विधाने तीन : एच २२४, अतिशय ज्वलनशील द्रव आणि वाफ. एच ३०२, गिळल्यास अपायकारक. एच ३३६, गुंगी किंवा चक्कर येऊ शकते.

आता यात पेरॉक्साइडचे चित्र शोधा. नाही. फुटणाऱ्या बाँबचे चिन्ह ईथरच्या बाटलीवर नसते, कारण ताज्या ईथरला ते लागू पडत नाही. स्फोटक पेरॉक्साइड बनू शकते हे सांगणारे विधान, ईयूएच ०१९, ही युरोपातली जादाची भर आहे, आणि तेही बारीक अक्षरांतल्या मजकुरात. म्हणजे दुरून चित्रे बघून बाटली ओळखणाऱ्याला दुसरा धोका कळायची सोयच नाही. ती सोय तुमच्या चिकटपट्टीने करायची आहे.

आणखी एक गोंधळ आकड्यांचा. जीएचएसमध्ये वर्ग १ सर्वांत धोकादायक असतो, तर चार रंगांच्या चौकटीच्या अमेरिकन एनएफपीए पद्धतीत ४ सर्वांत धोकादायक. ईथर ज्वलनशीलतेत जीएचएसप्रमाणे १ आणि एनएफपीएप्रमाणे ४ आहे. दोन्ही खरे आहे. कपाटाच्या दारावर कोणती पद्धत वापरली आहे ते लिहून ठेवा.

आपल्या लेबलावर काय काय लिहायचे?

‘पेरॉक्साइड बनते’ हे ठळक. त्याखाली आल्याची तारीख, उघडल्याची तारीख, उघडणाऱ्याचे नाव, स्थिरक आहे की नाही, आणि कोणत्या तारखेनंतर वापरायचे नाही ती तारीख. खाली तीन-चार ओळी रिकाम्या, दर चाचणीची तारीख आणि आकडा लिहायला. ‘ठीक’ असे लिहू नका, आकडा लिहा. मागच्या वेळी ५ आणि आज २० आले, तर बाटली कुठे चालली आहे ते त्या दोन आकड्यांवरून दिसते. ‘ठीक, ठीक’ वरून काहीच दिसत नाही.

उघडल्याची तारीख झाकण फिरवण्याआधी लिहायची. नंतर लिहू म्हटले की ती राहते.

शाईचीही काळजी घ्या. ‘पुसली न जाणारी’ म्हणून मिळणाऱ्या मार्कर पेनची शाई ईथरच्या एका ओघळाने पसरते आणि तारखेच्या जागी निळा डाग उरतो. साधी पेन्सिल ईथरला दाद देत नाही. पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक पट्टी लावा. ओतताना बाटली अशी धरा की लेबल तळहाताकडे, म्हणजे वरच्या बाजूला राहील. ओघळ नेहमी खालच्या बाजूने जातो.

छोट्या बाटलीत काढून घेतले तरी एवढे सगळे लिहायचे?

त्याच सत्रात संपणार असेल आणि हातातच राहणार असेल तर पूर्ण नाव आणि ज्वालेचे चिन्ह पुरे. रात्रभर राहणार असेल तर सगळे, मूळ बाटलीच्या तारखेसकट. नव्या बाटलीत ओतल्याने ईथर नवे होत नाही. आणि दाबायच्या प्लास्टिक बाटलीत ईथर भरू नका. हाताच्या उबेने ते तोटीतून आपोआप टपकते, आणि प्लास्टिकच्या भिंतीतून वाफही झिरपते.

नुसते ‘ईथर’ लिहिले तर?

चालणार नाही. पेट्रोलियम ईथर हा हायड्रोकार्बनांचा मेळ असतो, त्यात ईथर नसतेच. ते तितकेच पेटते, पण पेरॉक्साइडची तऱ्हा तशी नाही. उलट आयसोप्रोपाइल ईथर डायइथाइलपेक्षा कितीतरी वाईट : न आटवता, नुसते ठेवूनही त्यात धोकादायक पेरॉक्साइड जमते आणि स्फटिक सुटतात. टीएचएफही (टेट्राहायड्रोफ्युरान) याच कुळातले. पूर्ण नाव लिहा, जमल्यास सोबत कॅस क्रमांकही (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक). डायइथाइल ईथरचा ६०-२९-७ आहे.

थोडेसे उरलेले सिंकमध्ये ओतले तर चालते ना?

नाही. पाण्यात ते सहा-सात टक्केच विरघळते, बाकीचे वर तरंगते आणि पाइपातून वाफ होऊन दुसऱ्याच खोलीतल्या सिंकमधून बाहेर येते. हूडमध्ये मुद्दाम उडवून टाकणे ही विल्हेवाट नव्हे. टाकाऊ ईथर हॅलोजन नसलेल्या द्रावकांच्या डब्यात घाला. त्या डब्यालाही लेबल आणि सुरुवातीची तारीख हवी, कारण पेरॉक्साइड तिथेही बनते. नायट्रिक आम्लाचा अंशही त्या डब्यात जाऊ देऊ नका.

सांडले तर?

हूडच्या आत आणि थोडे असेल तर काच खाली ओढा, पंखा चालू ठेवा, उडू द्या. बाहेर सांडले तर ‘ईथर सांडले’ असे ओरडून सगळ्यांना बाहेर काढा. जवळचे स्विच चालू किंवा बंद करू नका, दोन्हींत ठिणगी असते. वीज लांबच्या मुख्य बटणावरून तोडा. अंगावर सांडले असेल तर कपडे काढा, धुवा. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे पाण्याची धार. गिळले तर उलटी करवू नका, डॉक्टरांकडे न्या.

आग लागली तर कोणते अग्निशामक?

कार्बन डायऑक्साइड, कोरडी पावडर किंवा अल्कोहोलला टिकणारा फोम. पाण्याचा जोरदार फवारा नको, जळते ईथर पाण्यावर तरंगत पसरते. बीकरमधली आग असेल तर धातूचे झाकण किंवा मोठे घड्याळकाच वर ठेवली तरी विझते. कपड्यांनी पेट घेतला तर सुरक्षा शॉवर. दोन श्वासांत विझत नसेल तर दार लावून बाहेर पडा.

ईथरऐवजी दुसरे काही वापरता येईल का?

निष्कर्षणासाठी बऱ्याचदा येते. मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर ५५ अंशांना उकळते आणि पेरॉक्साइड फार कमी बनवते. सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथरचेही तसेच, फक्त ते उडवायला वेळ लागतो. काही कामांना एथिल ॲसिटेट पुरते. ग्रिन्यार अभिक्रियेत टीएचएफ चालते, पण त्यात पेरॉक्साइडचा प्रश्न तसाच राहतो.

रिकामी बाटली थेट काचेच्या कचऱ्यात?

रिकामी दिसणारी बाटली वाफेने भरलेली असते. झाकण काढून हूडमध्ये ठेवा, वास पूर्ण जाऊ द्या, पाण्याने खळबळा. ते पाणी टाकाऊ डब्यात. मग लेबलावर काट मारा, नोंदवहीतली तिची ओळ बंद करा आणि तेव्हाच कचऱ्यात टाका.